सम पानं माझ्या वाट्याची

"सम पानं तुमची, विषम माझी," असं म्हणून झाडे गुरुजींनी लाल पेन्सिल मधोमध मोडली आणि टोक असलेला तुकडा स्वतःकडं ठेवला. माझ्या तुकड्याला मी ब्लेडनं टोक काढलं. शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती. सोमवारी इन्स्पेक्शन होतं. उघडलेल्या पुस्तकाचं डावं पान सम असतं आणि उजवं विषम, त्यामुळं दोघांना एकाच वेळी काम करता येत होतं. मी डावीकडं बसलो, ते उजवीकडं. पट्टी एकच होती, ती माझ्याकडं आली. झाडे गुरुजींच्या रेघा वाकड्या आल्या. ते म्हणाले, "वाकडीच बरी. खरी वाटते."

ते पुस्तक म्हणजे शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका. मुलांना पाठ्यपुस्तक असतं, तसं मास्तरनं वर्गात काय आणि कसं करावं हे सांगणारं. शाळेला एकच प्रत मिळाली होती. सोबत सर्क्युलर होतं की पुस्तक वाचून वापरात आणावं आणि इन्स्पेक्शनच्या वेळी दाखवावं. वापरात ते होतंच. खिडकीची झडप वाऱ्यानं आपटू नये म्हणून आम्ही ते तिच्या सांदीत लावत असू. त्यामुळं एका कोपऱ्यावर उन्हाचा पिवळा पट्टा आला होता. झाडे गुरुजींच्या मते तो फार उपयोगी पडणार होता, कारण पुस्तक जुनं आणि हाताळलेलं दिसत होतं.

"निदान ठळक-ठळक वाचू या का?" मी विचारलं.

"साहेब पानं चाळते, वाचत नाई," झाडे गुरुजी म्हणाले. "जे साहेब वाचत नाई, थे आपन काऊन वाचाचं?"

मी वाचलं नाही. पट्टी ठेवली आणि रेघा ओढत गेलो. मी बोलका माणूस नाही. ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी काढली नाही. पण आता नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं सरली आहेत, आणि लोक मला वाचनाची आवड असलेला शिक्षक म्हणतात. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

गाव गिरडच्या पुढं, टेकड्यांच्या अंगाला. नाव सांगत नाही. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. शाळा दोनशिक्षकी होती. दोन मास्तर आणि चार वर्ग. झाडे गुरुजी हेडमास्तर, त्यांच्याकडं दुसरी आणि चौथी. माझ्याकडं पहिली आणि तिसरी, एकाच खोलीत. याला आमच्या भाषेत जोडवर्ग म्हणतात. पहिलीला शिकवायचं तेव्हा तिसरीनं हाताची घडी घालायची, आणि तिसरीला शिकवायचं तेव्हा पहिलीनं. म्हणजे कोणीतरी अर्धा दिवस न शिकता बसलेलंच. मला ते शिस्तीचं लक्षण वाटायचं.

आम्ही पन्नासाव्या पानाच्या आसपास असताना दारात सोमा कुमरे येऊन उभा राहिला. गोंड माणूस. यवतमाळकडून कुपाच्या कामाला आलेला. कूप म्हणजे जंगलखात्यानं तोडीसाठी आखून दिलेला झाडांचा पट्टा. नाल्यापलीकडं अशा पाच-सहा घरांचा टोला होता. त्याची मुलगी मैना माझ्या पहिलीत होती. पहिलीत म्हणजे दुसऱ्यांदा पहिलीत. आदल्या वर्षी मी तिला नापास केलं होतं.

"गुरुजी, मैना यंदा पास होते का?"

"बघू," मी म्हणालो. "बोलतच नाही ती. तोंडी परीक्षेत बोलायला नको का?"

"घरी तं लय बोलते. आयकू आयकू कान दुखते." तो दाराच्या चौकटीला टेकला. "पाहा बावा. यंदा बी नाई झाली तं काढून घेतो मी. बकऱ्या हायेत घरी. बकऱ्या कोनाले पास-नापास नाई करत."

मग त्याची नजर टेबलावर गेली. एक पुस्तक, दोन मास्तर, दोन पेन्सिली.

"मोठं कठीन पुस्तक दिसते," तो म्हणाला. "दोघं-दोघं लागून राह्यले."

झाडे गुरुजींना खोकला आला. सोमा गेला. मी पुढच्या पानावर पट्टी ठेवली.

सोमवारी काळमेघ साहेब आले. शिक्षण विस्तार अधिकारी, म्हणजे पंचायत समितीचे शाळा तपासणारे साहेब. एसटीतून उतरून नाल्याच्या वाटेनं पायी आले. अंगानं किरकोळ, आवाज मऊ. आवाज मऊ असलेल्या साहेबाला मी नेहमीच जास्त भीत आलो आहे. हजेरीपट पाहिला, टाचणवह्या पाहिल्या. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते आज लिहून ठेवणं. मग त्यांनी मार्गदर्शिका मागितली.

झाडे गुरुजींनी ती दोन्ही हातांनी दिली.

साहेबांनी पानं चाळली. इथपर्यंत सगळं झाडे गुरुजींच्या अंदाजाप्रमाणं झालं. मग ते पहिल्या पानांकडं परत गेले आणि चष्मा वर केला.

"हेडमास्तर, मुद्रकाच्या नावाखाली रेघ मारली आहे तुम्ही."

"हो साहेब."

"दोनदा."

"छपाई लय सुबक आहे, साहेब."

साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. वर्गात चिडीचूप शांतता होती. पहिली आणि तिसरी, दोन्ही वर्ग हाताची घडी घालून बसले होते.

"आणि या सरळ रेघा तुमच्या?"

"हो साहेब."

त्यांनी एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. अडतीस नंबरचं. "इथं तर शब्दाशब्दाखाली रेघ आहे. म्हणजे हे पान तुम्ही बारकाईनं वापरलं असणार."

"हो साहेब," मी म्हणालो.

"पटावर कुमरे नाव पाहिलं मी. मैना कुमरे. या पानाप्रमाणं तिचा पाठ घेऊन दाखवा."

मी पुस्तक हातात घेतलं आणि अडतिसावं पान आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. साहेब समोर, चाळीस पोरं समोर, आणि मी माझ्याच लाल रेघांवरून बोट फिरवतोय. वर चार ओळींचा मजकूर होता. त्याचा मतलब असा की ज्या मुलांची घरची भाषा वेगळी आहे, त्यांनी त्या भाषेत दिलेलं उत्तर चूक समजू नये. आधी ते उत्तर घ्यावं, मग मराठी शब्द द्यावा. खाली नमुन्याला गोंडी शब्दांची छोटी यादी होती. येर म्हणजे पाणी. रोन म्हणजे घर. नय म्हणजे कुत्रा.

मी तिथंच अडकलो.

आदल्या वर्षीची तोंडी परीक्षा मला आठवली. पहिलीच्या तोंडी परीक्षेत चित्रं दाखवून विचारायचं असतं, हे काय? मी मैनाला कुत्र्याचं चित्र दाखवलं होतं. ती लगेच म्हणाली होती, "नय." आमच्याकडं नाहीला नाई म्हणतात. मला ते नाई ऐकू आलं. मी म्हणालो, "नाई काय? नीट बघ." ती जोरात म्हणाली, "नय!" मुलं हसली. मग मी घराचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, "रोन." मला वाटलं, हिंदीत रोना म्हणतेय. मी म्हणालो, "यात रडण्यासारखं काय आहे?" यावर तर सगळा वर्ग लोळला. त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव रोनी ठेवलं. तिसरं चित्र पाण्याच्या माठाचं होतं. त्याला ती काहीच बोलली नाही. त्यानंतर वर्गात कशालाच बोलली नाही.

म्हणजे तीनपैकी दोन उत्तरं बरोबर होती, तिसरंही तिला येत असणार, आणि मी तिला शून्य दिलं होतं. हसणाऱ्यांत मीही होतो, हे लिहायचं राहू नये. ट्रेनिंगला असताना मी एकदा भर वर्गात 'मले' म्हणालो होतो आणि पुण्याकडच्या मास्तरांनी ते फळ्यावर लिहून सगळ्यांना हसवलं होतं. ते दुःख मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. ते दुसऱ्याला द्यायला मला एक मिनिट लागलं नव्हतं.

"घ्या पाठ," साहेब म्हणाले.

मी कुत्र्याचं चित्र घेऊन मैनाच्या समोर बसलो. खाली, टाटपट्टीवर. मास्तर टाटपट्टीवर बसल्याचं पाहून तिसरीनं घडी सोडली.

"मैना, हे काय आहे?"

ती चित्राकडं पाहीना. ओठ घट्ट. मला तिचा राग येण्याची सवय होती, पण त्या दिवशी तो आला नाही. मग मीच म्हणालो, तिच्या भाषेत म्हणायला गेलो, आणि माझ्या जिभेनं सवयीनं तो शब्द लांबवला.

"नाई."

वर्ग हसला. या वेळी माझ्यावर. मागून तिसरीतला एक जण ओरडला, "गुरुजी, नाई काय? कुत्रा होय थो!" दुसरा म्हणाला, "गुरुजीले कुत्रा वळखू नाई येत!" हसू आवरेना कोणाला. साहेबही खिडकीकडं पाहू लागले.

आणि मैनानं मान वर केली. माझ्या तोंडाकडं पाहिलं. अगदी दया आल्यासारखं.

"तसं नाई, गुरुजी," ती म्हणाली. "नय."

"नाय?"

"नाई, नाई! नय!"

आता यातलं नाई कोणतं आणि नय कोणतं, हे वर्गात फक्त तिलाच कळत होतं. मी चार वेळा चुकलो. पाचव्या वेळी तिनं मान डोलावली. पास. मग घराचं चित्र मी न विचारताच तिनं ओढून घेतलं. "रोन," ती म्हणाली आणि माझ्याकडं पाहत थांबली, मी आता तरी रडण्याचं काही बोलतो का ते बघायला. मी म्हणालो, "रोन. मराठीत घर." ती म्हणाली, "मालूम हाय मले." मग माठ. येर, पाणी. मग यादीत नसलेलं काय काय. पोरं आता हसत नव्हती. "मांजर, मांजर विचारा तिले!" म्हणून मागून गलका चालू झाला.

साहेब खुर्चीवर बसले आणि शेरेबुकात लिहू लागले. शेरेबुक म्हणजे साहेबानं शाळेविषयीचं मत लिहायची वही. अर्धं पान लिहिलं. शिक्षकानं मार्गदर्शिकेचा सखोल अभ्यास करून वर्गात प्रत्यक्ष उपयोग केल्याचं आढळलं, मूल निर्भयपणे शिक्षकाची चूक सुधारते हे विशेष, असा त्याचा आशय होता. निघताना मला म्हणाले, "उच्चार मुद्दाम चुकवलात ना? मुलाला बोलतं करायला? छान युक्ती आहे."

मी काय म्हणावं? खरं सांगायचं ते तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "प्रयत्न केला, साहेब."

साहेब नाल्यापार गेल्यावर झाडे गुरुजींनी पुस्तक उचललं. ते खिडकीत न ठेवता घरी घेऊन निघाले.

"कुठं नेता?"

"तुमच्या सम पानात एवढा माल निंगाला. माझ्या विषम पानात काय हाय, पाहाव लागन."

ते दोन दिवसांनी परत दिलं त्यांनी. मग मी ते पहिल्यापासून वाचलं. सगळं काही सोन्यासारखं नव्हतं, हेही सांगतो. मुलांना झाडाखाली गोल बसवून गप्पा घडवाव्यात, असं एका ठिकाणी होतं. मी घडवल्या. पुस्तक लिहिणाऱ्याला आमच्या लिंबाखालचे तांबडे मुंगळे माहीत नव्हते. गप्पा पाच मिनिटांत संपल्या. पण जोडवर्गावरचं प्रकरण कामाचं निघालं. तिसरीतल्या मुलांना पहिलीची एक-एक जोडी वाटून द्यावी आणि त्यांच्याकडून वाचून घ्यावं, एवढीच साधी गोष्ट. हाताची घडी सुटली. खोलीत बाजारासारखा आवाज होऊ लागला. झाडे गुरुजी भिंतीपलीकडून ओरडायचे, "शाळा चालू हाय का सुटली?" आणि मी इकडून ओरडायचो, "आत्ताच चालू झाली!"

यादीत शब्द जेमतेम वीस होते. मैनाच्या तोंडी परीक्षेला ते पुरणार नव्हते, आणि परीक्षेला दोन महिने उरले होते. म्हणून एका रविवारी सकाळी मी वही घेऊन टोल्यावर गेलो. दीड वर्षात पहिल्यांदा. सोमा कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. मी म्हणालो, तुमच्या भाषेतले शब्द लिहून घ्यायचे आहेत, आणि पुस्तकात आलेले वाचून दाखवले. येर, रोन, नय.

"हे पुस्तकात हाय?" त्यानं विचारलं.

"आहे ना. छापलेलं."

"एवढ्यासाठी सरकारनं पुस्तक छापलं?" तो दांडा ठोकत म्हणाला. "मले इचारलं असतं तं फुकट सांगतलं असतं. मी तं रोज तुमच्या शाळेवरून जातो."

मी वही उघडून बसलो. बाप शब्द सांगायचा आणि मैना माझे उच्चार तपासायची. बाप सोडून द्यायचा, ती सोडत नव्हती. मी आजवर कोणाच्या हाताखाली एवढा घाम गाळलेला नाही, ट्रेनिंगमध्येसुद्धा नाही.

मार्चमध्ये केंद्राच्या मीटिंगला, म्हणजे आसपासच्या शाळांचे सगळे शिक्षक जमतात तिथं, साहेबांनी मला नमुना पाठ घ्यायला लावला. मैनाला सोबत नेलं होतं. मी चुकायचो, ती सुधारायची. आता मला ते नीट येत होतं, म्हणून मुद्दाम चुकावं लागलं. टाळ्या पडल्या. वडनेरकडून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "गुरुजी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"वाचनाची सवय आहे," मी म्हणालो.

मागच्या बाकावर झाडे गुरुजींना पुन्हा खोकला आला. येताना बैलगाडीत ते एवढंच म्हणाले, "सवय लागून किती दिवस झाले म्हन्ता?"

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. मैनाला दहा चित्रं दाखवली. तिनं दहाही आधी गोंडीत आणि मग मराठीत सांगितली. धडा वाचला. शंभरपर्यंत अंक म्हणताना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळली. तिथं तर हेडमास्तरही गोंधळायचे. गुण मी एकट्यानं दिले नाहीत. झाडे गुरुजींना समोर बसवलं. माझ्यावर माझाच भरवसा राहिला नव्हता.

एक मेला निकाल. सोमा कामावर न जाता आला होता. धुतलेला सदरा घालून. त्याला निकालाचा कागद दिला.

"पास?"

"पास. दुसरीत गेली."

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. बकऱ्यांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो वळला आणि परत थांबला.

"गुरुजी, एक इचारू? मागच्या साली काऊन नाई झाली पास? पोट्टी तं हेच होती."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. मैना त्याचा हात धरून उभी होती आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती, उच्चार तपासताना पाहायची तशीच.

मी म्हणालो, "मागच्या साली ते पुस्तक आलं नव्हतं."

सोमानं समजून मान हलवली. "सरकारचं असंच हाय," तो म्हणाला. "पुस्तक धाडाले बी उशीर करते. गरिबाचं एक साल गेलं ना फुकट." आणि मला रामराम करून, सरकारला दोन शब्द ऐकवत, पोरीला घेऊन तो नाल्याकडं गेला.

पुस्तक आलं होतं. मैनाचं नाव मी पटावर घातलं त्याच महिन्यात आलं होतं. पंचायत समितीच्या पोचपावतीवर सही माझी आहे. तिचं वर्ष गेलं तेव्हा ते पुस्तक तिच्यापासून चार हातांवर, खिडकीत होतं.

मैना आमच्याकडं चौथीपर्यंत शिकली. मग तिकडचा कूप संपला आणि टोला उठून गेला. जाताना दाखल्यावर मी पहिलीची वर्षं दोन लिहिली. दोनच झाली होती. कारणाचा रकाना दाखल्यात नव्हता. असता तर मी त्यात काय लिहिलं असतं, याची मला आजही खात्री नाही.

नवे शिक्षक मला विचारतात, पुस्तकांचा वर्गात खरंच उपयोग होतो का? होतो. एक पान उपयोगी पडलं की वर्षभराचं काम होऊन जातं. अडचण एवढीच की ते पान कोणतं, हे आधी कळत नाही, म्हणून सगळीच वाचावी लागतात. आणि पोचपावतीवर सही केल्यानंतर जमलं तर त्याच आठवड्यात.